ओटीवरचा राउटर आणि मागच्या खोलीतली मीटिंग: वायफाय एक्स्टेंडर निवडण्याची गोष्ट, आकड्यांसकट

गणपतीला गावी जायचं आणि दोन-चार दिवस जास्त राहून तिथूनच ऑफिसचं काम करायचं, हा आमचा आता दरवर्षीचा बेत. लांज्याच्या पुढे आमचं घर. गावात फायबर आलं तेव्हा जोडणीवाला मुलगा आला, खांबावरून वायर ओढली, ती जिथून घरात शिरली तिथेच ओटीवर मीटरच्या शेजारी राउटर ठोकला आणि निघून गेला. झोपाळ्यावर बसून क्रिकेट झकास दिसायचं. पण कामाला निवांत जागा म्हणजे सगळ्यात मागची, परसदाराला लागून असलेली खोली. तिथे मीटिंग सुरू झाली की पाच मिनिटांत माझं चित्र थिजायचं, तेही नेमकं तोंड उघडं असताना.

मग मी तेच केलं जे बहुतेक लोक करतात. ऑनलाइन सगळ्यात स्वस्त एक्स्टेंडर मागवला आणि जिथे रेंज नव्हती त्या मागच्या खोलीतल्या सॉकेटमध्ये खोचला. मोबाइलवर लगेच सगळ्या दांड्या भरल्या. मीटिंग मात्र पूर्वीसारखीच अडकली. तो डबा अजून आहे. रात्री त्याच्या निळ्या दिव्यात आईला पाण्याचा तांब्या सापडतो, एवढंच काम तो चोख करतो.

पैसे गेले ते गेले, पण त्यानंतर हा विषय नीट समजून घेतला. दुसऱ्या खेपेला जे केलं ते क्रमाने सांगतो.

माजघरातला माणूस

ओटीवरून बाबांनी हाक दिली, "चहा टाका गं." स्वयंपाकघरात ती पोचली नाही. माजघरात कोणी बसलं असेल तर ते ऐकून आत सांगतं. एक्स्टेंडर म्हणजे हा माजघरातला माणूस. एवढं डोक्यात बसलं की बाकीचं बरंचसं आपोआप कळतं.

हा माणूस स्वतः स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला, तर त्यालाही बाबांची हाक ऐकू येणार नाही. तो शेजारी उभा राहून खणखणीत आवाजात काहीतरी सांगेल, पण मूळ निरोप अर्धामुर्धा. माझ्या पहिल्या एक्स्टेंडरचं नेमकं हेच झालं. मोबाइलवरच्या दांड्या दाखवतात ती मोबाइलला एक्स्टेंडरकडून मिळणाऱ्या सिग्नलची ताकद. एक्स्टेंडर आणि राउटर यांचं जमतंय की नाही, ते दांड्यांमध्ये दिसत नाही.

दुसरं, हा माणूस ऐकता ऐकता बोलू शकत नाही. आधी ऐकायचं, मग सांगायचं. एकाच लहरीवर, म्हणजे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा एक्स्टेंडर तेच करतो, म्हणून त्याच्यामागे स्पीड साधारण निम्म्यावर येतो. हा त्या कंपनीचा दोष नाही, कामाची रीतच तशी आहे. ड्युअल बँड, म्हणजे दोन्ही लहरींवर चालणाऱ्या एक्स्टेंडरला राउटरकडून ५ गिगाहर्ट्झवर ऐकून तुम्हाला २.४ वर सांगता येतं किंवा उलट, त्यामुळे ही अडचण बरीच कमी होते.

आणि बाबांनी हाकच मारली नसेल तर माजघरातला माणूस काय सांगणार? एक्स्टेंडर इंटरनेट तयार करत नाही. म्हणून खरेदीआधी एक तपासणी करायचीच.

आधी राउटरच्या शेजारी उभे राहा

लॅपटॉप नेटवर्क केबलने थेट राउटरला जोडा आणि स्पीड टेस्ट करा. केबल नसेल तर राउटरपासून दोन पावलांवर उभं राहून मोबाइल ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कला जोडून करा. दिवसातून तीनदा करा, त्यातली एक रात्री नऊच्या सुमाराला, कारण तेव्हा सगळं गाव मोबाइलवर असतं. तुमचा प्लॅन १०० एमबीपीएसचा असेल आणि राउटरशेजारीच २०-२५ मिळत असतील, तर दुखणं भिंतींचं नाही. आधी सेवा देणाऱ्याकडे तक्रार नोंदवा. एक्स्टेंडर लावून तेच वीस आणखी लांब नेण्यात अर्थ नाही.

जाता जाता एक खुलासा. नेटवर्कच्या नावापुढे '५जी' लिहिलेलं असतं त्याचा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी काहीही संबंध नाही. ते ५ गिगाहर्ट्झ. शेजारच्या काकांना हे समजावताना माझी अख्खी संध्याकाळ गेली होती. २.४ लांब जातो, भिंतीतून बरा जातो, पण हळू असतो आणि त्यावर गर्दी असते. मायक्रोवेव्हसुद्धा त्याच पट्ट्यात चालतो. ५ वेगवान असतो, पण एक जाड भिंत आली की मान टाकतो.

मग राउटर हलवून बघा

फुकटात होणारा सगळ्यात मोठा फरक हाच, आणि लोक नेमका तोच टाळतात. शहरातल्या साडेसहाशे-सातशे चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये मी आजवर तीन ओळखीच्यांना एक्स्टेंडर घेऊ दिलेला नाही. एकाचा राउटर टीव्हीच्या मागे होता. दुसऱ्याने तो लोखंडी कपाटावर, कपाटाच्या मागच्या कडेला ठेवला होता. तिसऱ्याने 'दिसायला बरं नाही' म्हणून शू-रॅकमध्ये बंद केला होता. तिघांचंही काम राउटर बाहेर काढून पाच-सहा फूट उंचीवर, घराच्या मध्याकडे सरकवल्यावर झालं. लोखंडी पत्रा, मोठा आरसा, पाण्याची टाकी, माशांचं टाकं, टाइल्स लावलेलं न्हाणीघर हे सगळे सिग्नल अडवतात. राउटर आणि तुमची बसायची जागा यांच्यामध्ये मनातल्या मनात एक दोरी ताणा आणि ती कशाकशातून जाते ते बघा.

फ्लॅटमध्ये आणखी एक त्रास असतो, शेजाऱ्यांच्या राउटरचा. एका मजल्यावर चार घरं, प्रत्येकाचं वायफाय, सगळे २.४ वर कलकलाट करणारे. अशा ठिकाणी राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन २.४ ला १, ६ किंवा ११ यांपैकी सगळ्यात मोकळं चॅनल द्या आणि चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. १, ६ आणि ११ हे तिघे एकमेकांच्या पायात येत नाहीत. मधलं ३ किंवा ८ निवडलं तर दोन्हीकडचा गोंगाट ऐकावा लागतो.

आमच्याकडे राउटर हलवणं सोपं नव्हतं. फायबरची वायर तांब्याच्या वायरीसारखी कात्रीने कापून पिळून जोडता येत नाही, त्याला वेगळं यंत्र लागतं. आणि घर चिऱ्याचं. जांभ्या दगडाच्या जुन्या भिंती फूटभर तरी जाड. जांभा सच्छिद्र असतो, पावसाळ्यात पाणी धरतो आणि ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त सिग्नल खाते. मे महिन्यात मोजून खूश होऊ नका, असं मी कोकणातल्या सगळ्यांना सांगतो.

मोजमाप: दांड्या नकोत, आकडे हवेत

अँड्रॉइडवर वायफाय अॅनालायझर प्रकारची फुकट अॅप मिळतात. आयफोनवर अॅपलचंच एअरपोर्ट युटिलिटी घ्या आणि सेटिंगमध्ये जाऊन त्याचा वायफाय स्कॅनर चालू करा. अॅपलचा मॅक कॉम्प्युटर असेल तर ऑप्शन बटण दाबून धरून वरच्या वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की आकडा दिसतो.

हा आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या एककात असतो आणि घरात नेहमी उणे येतो. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ३ ने खाली गेला की ताकद निम्मी, १० ने गेला की दहावा हिस्सा. उणे ५० पर्यंत उत्तम. उणे ६५-६७ पर्यंत व्हिडिओ मीटिंग बिनधास्त करा. उणे ७० च्या पुढे कुरकुर सुरू होते. उणे ८० च्या पुढे नेटवर्कचं नाव तेवढं दिसतं.

वहीच्या कागदावर घराचा ढोबळ नकाशा काढा. प्रत्येक खोलीत जिथे खरोखर बसता तिथे उभे राहा, अर्धा मिनिट आकडा स्थिर होऊ द्या आणि लिहा, दोन्ही बँडचा. माझ्या कागदावर असं होतं: राउटरजवळ ५ गिगाहर्ट्झवर उणे ३६. माजघराच्या दारात उणे ५५. माजघराच्या पलीकडच्या भिंतीला टेकून उणे ६३. स्वयंपाकघरात उणे ७६. मागच्या खोलीत ५ चं नाव गायब, २.४ वर उणे ७९.

त्या कागदाकडे बघितल्यावर दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, जिथे मी पहिला डबा लावला होता तिथे त्याला ऐकू येत होतं उणे ७९. दुसरी जास्त कामाची. माजघरात दोन बोर्ड आहेत. एक भिंतीच्या कोपऱ्यात फ्रिजमागे, दुसरा ओटीच्या दारासमोर. अंतर सारखंच. पण दारासमोरच्या बोर्डापाशी उणे ५७ आणि फ्रिजमागे उणे ६८. सिग्नल भिंतीतून जितका येत होता त्यापेक्षा जास्त दारातून आत येत होता.

एक्स्टेंडरची जागा शोधायचा नियम एवढाच: राउटरचा ५ गिगाहर्ट्झचा आकडा उणे ५५ ते ६५ मध्ये असेल अशी, हव्या त्या खोलीच्या दिशेची सगळ्यात लांबची जागा. 'अर्ध्या वाटेवर लावा' असं खोक्यावर लिहिलेलं असतं, पण फुटांत मोजलेली अर्धी वाट आणि सिग्नलची अर्धी वाट एक नसते. दुमजली घरात बहुतेक वेळा ही जागा जिन्याच्या वळणावर सापडते, कारण जिन्याच्या पोकळीत स्लॅब आडवा येत नाही.

आणि हे सगळं खरेदीआधी करायचं. मोजल्यावर कळेल की योग्य जागी सॉकेटच नाही, किंवा आहे ते मिक्सरचं आहे.

एक्स्टेंडर, मेश की सरळ वायर?

माझं मत आधीच सांगून टाकतो: वायर टाकता येत असेल तर वायर टाका. कॅट ६ किंवा कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस नेते, तिला भिंतीचं आणि पावसाचं काही वाटत नाही. दुसऱ्या टोकाला एक राउटर 'अॅक्सेस पॉइंट' म्हणून, म्हणजे वायरने आलेलं नेट वायफायने पसरवायला लावला की झालं. तो राउटर नवा असायलाही हवा असं नाही. बऱ्याच घरांत जुन्या कनेक्शनचा एक माळ्यावर पडलेला असतो, फक्त तो ड्युअल बँड आहे ना ते बघा.

त्याची कृती अशी. जुना राउटर रीसेट करा, लॅपटॉपला जोडून त्याचं सेटिंगचं पान उघडा. अॅक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडा, विषय संपला. नसेल तर त्याचा स्वतःचा पत्ता मुख्य राउटरच्या मालिकेतला पण वेगळा द्या. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२. मग त्याचं डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटायचं काम, बंद करा. हे विसरलात तर घरातल्या उपकरणांना दोन ठिकाणांहून पत्ते वाटले जातात आणि कधी नेट चालतं कधी नाही असा, डोकं फिरवणारा घोळ होतो. शेवटी केबल मुख्य राउटरच्या लॅन पोर्टातून याच्या लॅन पोर्टात (घरातली उपकरणं जोडायच्या) लावा, वॅनमध्ये (बाहेरून येणाऱ्या नेटच्या) नाही.

केबल घेताना दुकानदाराला विचारा, "पूर्ण तांब्याची आहे ना?" स्वस्त गुंडाळ्यांमध्ये अॅल्युमिनियमच्या तारेला तांब्याचा मुलामा असतो. ती टोकाला तुटते आणि लांब अंतरावर दगा देते. टोकांना कनेक्टर बसवायचा तर रंगांचा क्रम दोन्हीकडे एकच ठेवा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठपैकी चारच तारा नीट बसल्या तरी नेट चालतं, पण १०० च्या वर जात नाही, आणि मग माणूस महिनोन्‌महिने प्लॅनला दोष देत बसतो.

आणखी एक, हे फक्त डोंगराळ भागातल्या आणि कोकणपट्टीतल्या लोकांसाठी. मुख्य घरातून गोठ्यापर्यंत किंवा आवारातल्या वेगळ्या खोलीपर्यंत तांब्याची नेटवर्क केबल उघड्यावरून नेऊ नका. वळवाच्या विजांमध्ये ती दोन्ही टोकांची उपकरणं जाळू शकते. तिथे फायबरच टाका.

मेश म्हणजे एकाच घराण्यातले दोन-तीन राउटर, जे आपसांत ठरवून तुमचा मोबाइल एकाकडून दुसऱ्याकडे सोपवतात. मोठं घर, तीन मजले, चालता चालता व्हिडिओ कॉल करायची सवय, आणि खिशाला परवडत असेल तर सरळ मेश घ्या. पण लक्षात ठेवा, बिनवायरीच्या मेशलाही माजघरातल्या माणसाचे तेच नियम लागू होतात, तो फक्त जास्त शिकलेला माणूस आहे. काही मेशमध्ये आपसांतल्या बोलण्यासाठी तिसरा बँड राखून ठेवलेला असतो. त्याला ट्राय बँड म्हणतात आणि तो फरक खरा आहे.

विजेच्या वायरिंगमधून नेट नेणारे पॉवरलाइन अडॅप्टरही मिळतात. जुन्या वायरिंगच्या, दोन फेजवर विभागलेल्या घरात ते कसे चालतील याचा भरवसा नसतो, त्यामुळे परत करता येत असतील तरच त्या वाटेला जा.

मग एक्स्टेंडर कोणासाठी? भाड्याचं घर जिथे भिंतीला हात लावता येत नाही. एकच खोली अडली आहे. दोन-तीन माणसं आहेत, प्लॅन १०० च्या आसपासचा आहे. व्हिडिओ मीटिंगला चार-पाच एमबीपीएस स्थिर मिळाले तरी पुरतात, फोर-के सिनेमालाही पंधरा-वीसच्या पुढे फारसं लागत नाही. अशा घरी नीट निवडलेला आणि नीट जागी लावलेला एक्स्टेंडर उत्तम काम करतो. मीही शेवटी तोच घेतला, निदान पहिलं वर्षभर.

खोक्यावर काय वाचायचं

सगळ्यात मोठ्या अक्षरात 'एसी १२००' किंवा 'एएक्स १५००' असं काहीतरी असतं. हा आकडा म्हणजे दोन्ही बँडची कागदावरची बेरीज. एसी १२०० मध्ये २.४ वर ३०० आणि ५ वर ८६७. एसी ७५० मध्ये ३०० आणि ४३३. एएक्स १५०० मध्ये ३०० आणि १२०१. तुमचा एक मोबाइल एका वेळी एकाच बँडवर असतो, त्यामुळे बेरजेचा उपयोग जाहिरातीपुरता. प्रत्यक्षात कागदावरच्या निम्मं मिळालं तर नशीब समजा, आणि एक्स्टेंडरमागे त्याहून कमी.

'एन ३००' लिहिलेलं असेल तर तो फक्त २.४ वाला, माझ्या निळ्या दिव्याचा भाऊ. तो फक्त सीसीटीव्ही कॅमेऱ्यासाठी किंवा पंपाच्या स्मार्ट स्विचसाठी घ्या. यांतले बहुतेक २.४ वरच चालतात आणि त्यांना स्पीड लागत नाही. माणसांसाठी किमान एसी १२००. राउटर वायफाय ६ चा असेल तर एएक्स वाला घ्या. वायफाय ५ म्हणजे 'एसी' आणि वायफाय ६ म्हणजे 'एएक्स'. राउटर वायफाय ५ चाच असेल तर वायफाय ६ चा एक्स्टेंडर त्याच्याशी वायफाय ५ च्याच भाषेत बोलणार. जास्तीचे पैसे आज वाया, पुढे राउटर बदलणार असाल तर नाही.

आता बारीक अक्षरं, कारण खरी माहिती तिथे असते.

पहिलं, नेटवर्क केबलचं पोर्ट आहे का आणि ते किती वेगाचं. '१०/१००' म्हणजे कमाल १०० एमबीपीएस. 'गिगाबिट' किंवा '१०/१००/१०००' म्हणजे हजार. बारा-चौदाशेच्या गप्पा मारणाऱ्या कित्येक एक्स्टेंडरना शंभराचंच पोर्ट असतं. तुमचा प्लॅन ३०० चा असेल आणि पुढे वायर टाकायचा विचार असेल तर हे आजच बघा.

दुसरं, अॅक्सेस पॉइंट मोड. तो असेल तर उद्या वायर टाकल्यावर हाच डबा उपयोगी पडतो, नवा घ्यावा लागत नाही.

तिसरं, राउटरशी नातं. काही कंपन्यांचे एक्स्टेंडर त्यांच्याच राउटरबरोबर मेशसारखे वागतात. 'ईझीमेश' नावाचं एक सामाईक मानकही आहे, पण राउटर आणि एक्स्टेंडर दोघांवर ते नाव असेल तरच फायदा. सेवा देणाऱ्याने फुकट दिलेल्या राउटरमध्ये ते आहे का, हे त्याच्या बुडावरचा मॉडेल नंबर शोधून बघा.

चौथं, सुरक्षा. डब्ल्यूपीए म्हणजे वायफायच्या पासवर्डची सुरक्षा पद्धत, ३ ही २ पेक्षा नवी. राउटर फक्त डब्ल्यूपीए३ वर ठेवला असेल आणि एक्स्टेंडरला डब्ल्यूपीए२ पर्यंतच येत असेल तर दोघांची ओळखच होत नाही. राउटर 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३' अशा मिश्र सेटिंगवर आणला की प्रश्न सुटतो.

पाचवं, आणि हे कोणी सांगत नाही: प्लगचा आकार. हे डबे भिंतीतल्या सॉकेटमध्ये थेट बसतात. रुंद असतात, शेजारचं सॉकेट आणि कधी कधी स्विचही झाकतात. परदेशी प्लगचा माल स्वस्तात मिळाला म्हणून घेतला की वर अडॅप्टर लावावा लागतो, आणि मग तो डबा सॉकेटमधून लोंबकळत खाली कलतो.

'३००० चौरस फुटांपर्यंत' वगैरे दाव्याकडे बघूच नका. तो मोकळ्या जागेचा हिशेब. आपल्या घरात मोकळी असते ती फक्त गच्ची.

जोडणी

नवा एक्स्टेंडर आधी राउटरच्याच खोलीत लावून जोडा, मग त्याच्या जागी न्या. थेट लांब लावून जोडायला गेलात तर अर्ध्यावर अडकतं आणि चूक कुठे ते कळत नाही.

दोन्हींवर डब्ल्यूपीएसचं, म्हणजे पासवर्ड न टाकता जोडायचं बटण असेल तर राउटरचं दाबायचं, दोन मिनिटांच्या आत एक्स्टेंडरचं दाबायचं, दिवा स्थिर झाला की झालं. मला अॅपमधून करणं जास्त आवडतं, कारण काय चाललंय ते दिसतं. राउटरचे दोन्ही बँड निवडा. एक्स्टेंडरला ५ दिसतच नसेल तर राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं चॅनल बघा. ५२ ते १४४ मधली चॅनल रडारबरोबर वाटून घ्यावी लागतात आणि स्वस्त एक्स्टेंडर ती ऐकतच नाहीत. राउटर ३६ ते ४८ मधल्या एखाद्या चॅनलवर आणा, लगेच दिसेल. यावर मी दीड तास घालवला होता.

नाव राउटरचंच ठेवायचं की वेगळं? एकच ठेवलं तर मोबाइल आपोआप बदलतो असं म्हणतात. बदलतो, पण त्याच्या मर्जीने. ओटीवर पकडलेला सिग्नल माजघर ओलांडलं तरी सोडत नाही, उणे ७८ वर लटकत राहतो. पहिले दोन आठवडे वेगळं नाव द्या, 'घर' आणि 'घर-मागे' असं. म्हणजे आपण कोणाला जोडलेले आहोत ते कळतं आणि मोजमाप खरं येतं. सगळं जमलं की मग नाव एक करा. मागच्या खोलीतला लॅपटॉप जागचा हलत नाही, त्याला मी कायम 'घर-मागे' वरच ठेवला.

एक्स्टेंडरच्या सेटिंगचा पासवर्ड बदला, फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा, आणि तो पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून डब्याच्या मागे चिकटवा. घरच्या घरी हे चालतं. पुढच्या गणपतीला तुम्हालाच आठवणार नाही.

मग पुन्हा तोच कागद, तेच ठिकाण, नवे आकडे. माझे असे आले: स्वयंपाकघरात उणे ५०, मागच्या खोलीत ५ वर उणे ६६. मागच्या खोलीत आधी तीन-चार एमबीपीएस मिळायचे, आता पंचावन्नच्या आसपास. आकडे सुधारले नाहीत तर जागा दोन-तीन फूट इकडे-तिकडे करून बघा, बोर्ड बदलून बघा. तरीही नाही, तर परत करायची मुदत संपायच्या आत परत करा. माझ्या निळ्या दिव्याची मुदत तो खोक्यातून काढायच्या आधीच संपली होती.

तरीही अडलं तर

एक्स्टेंडरला जोडल्यावर 'कनेक्टेड, नो इंटरनेट' येत असेल तर राउटरमध्ये मॅक फिल्टर, म्हणजे ठरावीक उपकरणांनाच आत घेणारी यादी, चालू आहे का बघा. मॅक पत्ता म्हणजे प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक. काही एक्स्टेंडर त्यांच्यामागच्या उपकरणांचे मॅक पत्ते बदलून पुढे पाठवतात आणि राउटर त्यांना परके समजून हाकलतो.

मोबाइलवरचं टीव्हीवर दाखवायला गेलात आणि टीव्ही सापडत नसेल, तर दोघांपैकी एक गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर आहे का बघा.

रोज संध्याकाळी ठरावीक वेळेला नेट मंदावतं आणि राउटरजवळही मंदावतं? मग पुन्हा पहिल्या पायरीवर या, ते घराबाहेरचं दुखणं आहे.

एकाला जोडून दुसरा एक्स्टेंडर लावायचा विचार मनात आला तर थांबा. माजघरातल्याने पडवीतल्याला सांगायचं, त्याने पुढे. स्पीड दर टप्प्याला गळतो आणि बोलणं उशिरा पोचतं. त्या पायरीवर वायर किंवा मेश.

आणि लाईट. राउटरला आम्ही १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला होता, लोडशेडिंगमध्येही तो दोन तास चालायचा. पहिल्यांदा मीटिंगच्या मधोमध लाईट गेली तेव्हा मी निर्धास्त होतो, आणि नेट गेलं. राउटर जिवंत होता, एक्स्टेंडर भिंतीतल्या सॉकेटवर मेला होता. हा डबा थेट २३० व्होल्टवर चालतो, राउटरचा यूपीएस त्याला चालत नाही. जागा निवडताना तो बोर्ड इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का हेही बघा. एक्स्टेंडर जेमतेम पाच-दहा वॉट खातो, इन्व्हर्टरला त्याचं ओझं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात कौलं चाळायला माणसं आली होती, तेव्हा संधी साधून वाशांच्या कडेने पीव्हीसी पाइप टाकून घेतला. पाइप उंदरांसाठी, उघडी केबल ते एका मोसमात कुरतडतात. त्यातून कॅट ६ ओटीपासून मागच्या खोलीपर्यंत नेली. तोच एक्स्टेंडर माजघरातून काढून मागे आणला, अॅक्सेस पॉइंट मोडवर टाकला. आता आषाढात भिंती ओल्या गच्च असतानाही तिथे ९४ मिळतात. ९४ च्या वर कधीच नाही. मध्ये प्लॅन २०० चा केला तरी नाही. मग चष्मा लावून खोकं पुन्हा वाचलं: १०/१००.